करार वाढवायचा केव्हा? बास्केटबॉल संघांचे गणित आणि कोल्हापूरचा चढाईपटू

कसबा बावड्यातील छत्रपती राजाराम सहकारी साखर कारखान्याच्या परिसरात एक वाद सर्वांच्या परिचयाचा आहे. उसाची एफआरपी ठरवताना मागील हंगामाचा साखर उतारा धरायचा की चालू हंगामाचा? मागचा उतारा मोजलेला असतो, त्याबद्दल शंका नसते. परंतु गव्हाणीत पडणारा ऊस या वर्षीचा असतो. व्यावसायिक खेळांतील करारांचा पेच नेमका असाच आहे. संघ खेळाडूची पारख करतो ती झालेल्या सामन्यांवरून, पैसे मात्र मोजतो ते अद्याप न झालेल्या सामन्यांसाठी.

या पेचावर सर्वाधिक तपशीलवार नियम अमेरिकेतील एनबीए या बास्केटबॉल लीगने तयार केले आहेत. खेळाडूचा चालू करार संपण्याआधीच त्याला पुढील काही वर्षांसाठी बांधून घेणे, म्हणजे कराराला मुदतवाढ देणे, ही तेथील प्रत्येक संघाच्या कारभारातील मोठी निर्णयाची वेळ असते. चांगल्या खेळाडूला पैसे द्यावेत की नाही, यावर फारसा मतभेद नसतो. खरा प्रश्न असतो तो केव्हा द्यावेत, हा. आज दिले तर चुकीच्या माणसावर पैसा अडकण्याची भीती. थांबले तर योग्य माणूस महाग होण्याची किंवा निघून जाण्याची भीती. दोन्ही बाजूंनी जोखीम आहेच. मुदतवाढीचा करार ही जोखीम संघाने उचलायची की खेळाडूने, एवढेच ठरवतो. आपल्याकडे प्रो कबड्डीमुळे हाच प्रश्न ग्रामीण महाराष्ट्रातील घरांपर्यंत पोहोचला असल्याने तो समजून घेणे अगत्याचे आहे.

मुदतवाढीची चौकट

एनबीएमध्ये नवोदित खेळाडू संघांकडे येतात ते ड्राफ्ट या निवड पद्धतीने. पहिल्या फेरीत निवडलेल्या खेळाडूचे वेतन निवडीच्या क्रमांकानुसार जवळजवळ ठरलेले असते. करार चार वर्षांचा. त्यातील पहिली दोन वर्षे हमीची, तर तिसरे आणि चौथे वर्ष पुढे चालू ठेवायचे की नाही हे संघाने ठरवायचे. तिसरा हंगाम संपला की मुदतवाढीची दारे उघडतात आणि चौथा हंगाम सुरू होण्याच्या आदल्या दिवशी ती बंद होतात. उन्हाळ्यापासून ऑक्टोबरपर्यंतच्या या काही महिन्यांत दोन्ही पक्षांची बोलणी चालतात.

बोलणी फिसकटली तरी संघाच्या हातून सर्व काही निसटते असे नाही. चौथा हंगाम संपल्यावर संघाने नियमानुसार किमान देकार दिला, तर खेळाडू ‘मर्यादित मुक्त’ ठरतो. त्याने अन्य संघाचा देकार आणायचा आणि मूळ संघाने ठराविक मुदतीत तेवढीच रक्कम देऊ केली, तर तो मूळ संघाकडेच राहतो. बरोबरी साधण्याचा हा हक्क म्हणजे संघाला मिळालेली थांबण्याची सवलतच होय.

नंतरच्या टप्प्यातील अनुभवी खेळाडूंसाठी वेगळे नियम आहेत. २०२३च्या सामूहिक करारानुसार अशा खेळाडूला मुदतवाढ देताना पहिल्या वर्षाचे वेतन साधारणतः आधीच्या वेतनाच्या १४० टक्क्यांपर्यंत नेता येते. पूर्वी ही मर्यादा १२० टक्के होती. साहजिकच, स्वस्त करारावर असलेला आणि अचानक बहरलेला खेळाडू मुदतवाढ नाकारून मुक्त होणेच पसंत करी. मर्यादा वाढवण्यामागे खेळाडू आणि संघ यांना लवकर एकत्र बांधण्याचा हेतू होता.

या सर्वांवर छत्र असते ते वेतनमर्यादेचे. २०२५-२६च्या हंगामासाठी ती सुमारे १५ कोटी ४६ लाख डॉलर ठरवण्यात आली. एका खेळाडूचे कराराच्या पहिल्या वर्षाचे कमाल वेतन, लीगमधील त्याच्या सेवेच्या वर्षांनुसार, या रकमेच्या २५, ३० किंवा ३५ टक्के इतके असू शकते. काही सवलतींमुळे संघ मर्यादेच्या वर जाऊ शकतात. परंतु २०२३पासून फार वर गेलेल्या संघांवर खेळाडूंची अदलाबदल करण्याबाबत कडक बंधने आली. त्यामुळे एखाद्याला दिलेली मुदतवाढ उद्या दुसऱ्या कोणाला घेण्याच्या आड येईल काय, हा विचार पूर्वीपेक्षा अधिक महत्त्वाचा झाला आहे.

मुंबईत खेळलेले तिघांचे भवितव्य

हे नियम प्रत्यक्षात कसे चालतात, याचे उदाहरण शोधायला फार दूर जाण्याची गरज नाही. ४ आणि ५ ऑक्टोबर २०१९ रोजी मुंबईत वरळीच्या एनएससीआय डोममध्ये सॅक्रामेंटो किंग्ज आणि इंडियाना पेसर्स यांच्यात हंगामपूर्व सामने झाले. एनबीएचे संघ भारतात खेळण्याची ती पहिलीच वेळ. पहिल्या सामन्यात जादा वेळेनंतर इंडियानाने १३२-१३१ अशी बाजी मारली. प्रेक्षकांचे लक्ष गुणफलकावर होते. पण त्याच दिवसांत या दोन्ही संघांच्या कार्यालयांत मुदतवाढीची गणिते मांडली जात होती. अंतिम दिवस होता २१ ऑक्टोबर.

सॅक्रामेंटोचा बडी हील्ड आणि इंडियानाचा डोमांटास सबोनिस हे दोघेही २०१६च्या ड्राफ्टमधून आलेले. हील्डने आदल्या हंगामात सामन्यामागे सरासरी २०.७ गुण केले होते, पण त्याचे वय २६ होते. म्हणजे नवा करार संपेपर्यंत तो तिशी ओलांडणार होता. सबोनिस २३ वर्षांचा. बहुतेक सामन्यांत तो राखीव खेळाडू म्हणून मैदानात उतरे, तरीही सामन्यामागे १४ गुण आणि नऊहून अधिक रिबाउंड त्याच्या नावावर होते. मुदतीच्या शेवटच्या दिवशी दोघांचेही चार वर्षांचे करार झाले. हील्डला सुमारे ८ कोटी ६० लाख डॉलरची हमी मिळाली, शिवाय कामगिरीवर आधारित बोनस. पण रक्कम वर्षागणिक उतरती ठेवण्यात आली. सबोनिसला सुमारे साडेसात कोटी डॉलर मिळाले.

उतरत्या रकमेचा अर्थ लक्षात घेण्याजोगा आहे. खेळाडूचे वय वाढत जाईल, तसा त्याचा भार हलका होत जाईल आणि गरज पडल्यास त्याला अन्य संघाकडे सोपवणे सोपे जाईल, असा त्यामागील विचार. सबोनिसच्या बाबतीत संघाने उलट पैज लावली होती. राखीव खेळाडूला पूर्णवेळ जागा दिली, तर त्याची किंमत वाढेल. ती खरी ठरली. २०२० आणि २०२१ या दोन्ही वर्षी तो ऑल-स्टार सामन्यासाठी निवडला गेला.

तिसरे नाव सॅक्रामेंटोच्याच बोग्दान बोग्दानोविचचे. त्याच्या आधीच्या वेतनामुळे नियमानुसार संघ त्याला देऊ शकत असलेली कमाल मुदतवाढ चार वर्षांसाठी सुमारे ५ कोटी १४ लाख डॉलर एवढीच होती. करार झाला नाही. नोव्हेंबर २०२०मध्ये तो मर्यादित मुक्त झाला, अटलांटा हॉक्सने चार वर्षांसाठी ७ कोटी २० लाख डॉलर देऊ केले आणि सॅक्रामेंटोने बरोबरी साधली नाही. खेळाडू गेला आणि मोबदल्यात काहीच आले नाही. बरोबरीचा हक्क हाती असूनही तो वापरण्याची किंमत परवडेनाशी झाली, तर त्या हक्काचा उपयोग उरत नाही, हे या प्रकरणातून दिसते.

पुढची गोष्ट याहून बोलकी आहे. ८ फेब्रुवारी २०२२ रोजी या दोन संघांत मोठी अदलाबदल झाली. सबोनिस सॅक्रामेंटोला गेला, तर हील्ड आणि तरुण टायरीस हॅलिबर्टन इंडियानाला. मुंबईत समोरासमोर उभे राहिलेले आणि एकाच दिवशी करारबद्ध झालेले दोघे आता एकमेकांच्या संघात होते. सबोनिसच्या साथीने सॅक्रामेंटोने २०२३मध्ये १६ वर्षांचा बाद फेरीचा दुष्काळ संपवला, तर हॅलिबर्टनच्या नेतृत्वाखाली इंडियाना २०२५मध्ये अंतिम फेरीत पोहोचली. याचा अर्थ असा, की मुदतवाढ म्हणजे खेळाडूला कायमचे ठेवून घेणे नव्हे. करारबद्ध खेळाडू ही संघाची पत असते. त्याच्या बदल्यात दुसरे काही मिळवता येते. मुक्त होऊन गेलेल्या खेळाडूच्या बदल्यात बहुधा काहीच मिळत नाही.

घाईची आणि विलंबाची किंमत

मुदतवाढीमागील हिशेब एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, एखाद्या खेळाडूची किंमत पुढील वर्षी तीन कोटी होण्याची शक्यता निम्मी आहे आणि दुखापत किंवा सुमार कामगिरीमुळे ती एक कोटीवर येण्याची शक्यताही निम्मी आहे. सरासरी दोन कोटी. संघ आजच पावणेदोन कोटी देऊ करतो. खेळाडूला घर चालवायचे असते, त्याच्या हाती एकच शरीर असते. तो खात्रीच्या बदल्यात पाव कोटी सोडायला तयार होतो. अशा पुष्कळ खेळाडूंना करारबद्ध करणाऱ्या संघाला सरासरीने प्रत्येकामागे पाव कोटीचा लाभ होतो. मात्र, निम्म्या वेळा तो एक कोटीच्या खेळाडूला पावणेदोन कोटी मोजत असतो. ज्या संघाला असा पाऊण कोटीचा फटका सोसवत नाही, त्याने थांबणेच शहाणपणाचे.

या हिशेबाच्या दोन्ही टोकांची उदाहरणे एनबीएच्या इतिहासात आहेत. गोल्डन स्टेट वॉरियर्सचा स्टीफन करी २०११-१२च्या छोट्या हंगामात घोट्याच्या दुखापतीमुळे ६६पैकी केवळ २६ सामने खेळू शकला होता. तरीही ऑक्टोबर २०१२मध्ये मुदतीच्या दिवशी संघाने त्याला चार वर्षांसाठी ४ कोटी ४० लाख डॉलरची मुदतवाढ दिली. तेव्हा संघ धोका पत्करत आहे, असे अनेकांना वाटले. करी २०१५ आणि २०१६मध्ये लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्याचे वेतन त्याच्या योग्यतेच्या मानाने एवढे कमी होते, की २०१६मध्ये केव्हिन ड्युरंटसारख्या खेळाडूला संघात घेणे शक्य झाले. बाजारापेक्षा संघाला आपल्या खेळाडूच्या शरीराची आणि सरावाची माहिती अधिक होती. लवकर निर्णय घेण्याचे हे सर्वांत सबळ कारण असते.

दुसरे टोक पोर्टलंडच्या ब्रँडन रॉयचे. तीनदा ऑल-स्टार ठरलेल्या या खेळाडूला ऑगस्ट २००९मध्ये पाच वर्षांची भरघोस मुदतवाढ मिळाली. गुडघ्यांनी साथ सोडली आणि डिसेंबर २०११मध्ये त्याने निवृत्ती जाहीर केली. नंतरचे पुनरागमनही अल्पजीवी ठरले. लीगने त्या वर्षी दिलेल्या विशेष सवलतीमुळे त्याचे वेतन संघाच्या मर्यादेतून वगळता आले. पण पैसे द्यावेच लागले. संघाच्या दृष्टीने हा तोटा. रॉयच्या दृष्टीने पाहिले, तर गुडघे निकामी होण्यापूर्वी सही केली, हेच त्याच्या आयुष्याला आधार देणारे ठरले.

थांबणे हे नेहमीच अविश्वासाचे लक्षण असते असे नाही. सॅन अँटोनियो स्पर्सचा कवाय लिओनार्ड २०१४च्या अंतिम फेरीत सर्वोत्तम ठरला होता. तरीही त्या ऑक्टोबरमध्ये संघाने त्याला मुदतवाढ दिली नाही. कारण हिशेबाचे होते. मुक्त होणाऱ्या आपल्या खेळाडूसाठी संघाच्या मर्यादेत जी रक्कम राखीव धरली जाते, ती लिओनार्डच्या बाबतीत त्याच्या संभाव्य नव्या वेतनाच्या निम्म्याहून कमी होती. त्या मोकळ्या जागेत संघाने जुलै २०१५मध्ये लामार्कस ऑल्ड्रिजला आणले आणि मग लिओनार्डशी पाच वर्षांचा करार केला. दोन्ही पक्षांचा एकमेकांवर भरवसा होता, म्हणूनच हे जमले.

खेळाडूही कधी कधी कमी रक्कम पत्करतो. न्यूयॉर्क निक्सच्या जेलन ब्रन्सनने जुलै २०२४मध्ये चार वर्षांसाठी १५ कोटी ६५ लाख डॉलरच्या मुदतवाढीवर सही केली. वर्षभर थांबला असता, तर पाच वर्षांसाठी सुमारे २६ कोटी ९० लाख डॉलरपर्यंतचा करार त्याला मिळू शकला असता. खात्री लवकर मिळाली आणि संघाला इतर खेळाडू राखण्यास वाव राहिला.

संघ काय पाहतात?

या उदाहरणांतून निर्णयाचे काही ठोक निकष हाती लागतात. पहिला अर्थातच वयाचा. चालू वयापेक्षा करार संपतानाचे वय महत्त्वाचे. दुसरा दुखापतीचा. एकदाच झालेला अपघात आणि वारंवार उलटणारे दुखणे यांत वैद्यकीय पथक फरक करते. तिसरा भूमिकेचा. आज राखीव असलेल्या खेळाडूला उद्या अधिक वेळ मिळणार असेल, तर त्याचे आकडे वाढतील आणि त्याबरोबर किंमतही. अशा खेळाडूला आकडे वाढण्यापूर्वी गाठणे संघाच्या हिताचे ठरते.

चौथा निकष पर्यायाचा. त्याच दर्जाचा खेळाडू बाजारात सहज मिळत असेल, तर घाई कशाला? पाचवा वेतनमर्यादेतील हिश्श्याचा. एकाच खेळाडूवर तिसरा हिस्सा गेला, की उरलेल्या पैशांत बाकी सर्वांना बसवावे लागते. सहावा निकष आकड्यांत मांडता येत नाही. एखाद्याला वेळेवर करार मिळाला, तर ड्रेसिंग रूममधील इतरांना संदेश जातो, की येथे कष्टाची कदर होते. एखाद्याला वर्षभर टांगून ठेवले, तर तोही संदेश सर्वांपर्यंत पोहोचतो.

राजाश्रयाकडून लिलावाकडे

खेळाडूला सांभाळण्याची कल्पना कोल्हापूरला नवी नाही. कसबा बावड्याच्या लक्ष्मी विलास पॅलेसमध्ये २६ जून १८७४ रोजी जन्मलेल्या राजर्षी शाहू महाराजांनी मल्लविद्येला राजाश्रय दिला आणि १९१२मध्ये खासबागचे मैदान उभे राहिले. मल्लाचा खुराक, तालीम आणि मान यांची चिंता आश्रयदात्याने वाहायची, ही रीत येथे रुजली. पुढील काळात आश्रयाची जागा नोकरीने घेतली. रेल्वे, पोलिस, बँका आणि मोठ्या कंपन्यांच्या संघांतून कबड्डीपटू खेळू लागले; राज्य शासनाच्या सेवेत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आले. कायमची नोकरी लागली, की खेळाडूच्या घरचे निश्चिंत होत. ती एका अर्थाने निवृत्तीपर्यंतची मुदतवाढच होती.

२०१४मध्ये प्रो कबड्डी लीग सुरू झाली आणि खेळाडूचा भाव जाहीर लिलावात ठरू लागला. पहिल्या वर्षी सर्वाधिक बोली होती १२ लाख ८० हजारांची, राकेश कुमारसाठी. २०२३मध्ये पवन सेहरावतसाठी तेलुगू टायटन्सने २ कोटी ६० लाख ५० हजार रुपये मोजले. वाढ डोळे दिपवणारी आहे. पण त्यासोबत अनिश्चितताही आली.

चंदगड तालुक्यातील सिद्धार्थ देसाईची कारकीर्द या दृष्टीने अभ्यासण्याजोगी आहे. २०१८च्या सहाव्या हंगामासाठी यू मुंबाने त्याला ३६ लाख ४० हजारांना घेतले. पदार्पणातच त्याने २१ सामन्यांत चढाईचे २१८ गुण मिळवले. त्यानंतर यू मुंबाने त्याला राखले नाही आणि २०१९च्या लिलावात तेलुगू टायटन्सने १ कोटी ४५ लाखांना घेतले. त्या लिलावातील ती सर्वोच्च बोली होती. तेव्हा प्रत्येक संघाची खर्चाची मर्यादा ४ कोटी ४० लाख होती; म्हणजे जवळजवळ तिसरा हिस्सा या एका चढाईपटूवर खर्च झाला. २०२०मध्ये करोनामुळे हंगाम झाला नाही. २०२१च्या लिलावात टायटन्सनेच त्याला १ कोटी ३० लाखांना परत मिळवले; परंतु खांद्याच्या दुखापतीमुळे त्याला मोजकेच सामने खेळता आले. २०२२मध्ये बोली आली २० लाखांची. २०२३मध्ये हरियाणा स्टीलर्सने एक कोटी दिले, तर २०२४मध्ये दबंग दिल्लीने २६ लाख. सात वर्षांत एकाच खेळाडूचे सहा भाव.

यू मुंबाने २०१९मध्ये त्याला तीन हंगामांसाठी दरवर्षी ८० लाख, असा करार देऊ केला असता, अशी कल्पना करू. एकूण २ कोटी ४० लाख होतात. प्रत्यक्षात पुढील तीन हंगामांच्या बोलींची बेरीज २ कोटी ९५ लाख होते. म्हणजे लिलावाने त्याचे नुकसान केले असे म्हणता येणार नाही. परंतु ही बेरीज आज करता येते. दुखापत दोन वर्षे आधी झाली असती, तर हाच हिशेब पार उलटा झाला असता आणि त्याचा सर्व भार खेळाडूवर पडला असता. लिलावाच्या पद्धतीत चढा भाव मिळतो, पण भाव कोसळला तर झेलणारे कोणी नसते.

कबड्डीत मुदतवाढ अगदीच नाही, असे मात्र नाही. हंगामापूर्वी ठराविक संख्येने खेळाडू राखण्याची मुभा संघांना असते. २०२२च्या हंगामापूर्वी सहा प्रमुख आणि चार तरुण खेळाडू राखता येत होते. लिलावात आपल्या जुन्या खेळाडूवर लागलेल्या अंतिम बोलीशी बरोबरी साधण्याची सोयही आहे. एनबीएतील मर्यादित मुक्त खेळाडूच्या नियमाशी तिचे साम्य उघड आहे. फरक आहे तो दोन बाबतींत. कबड्डीतील बंधन छोट्या मुदतीचे असते आणि एका खेळाडूवर मर्यादेच्या किती टक्के खर्च करावा, याला एनबीएसारखे कुंपण नाही. २०२२मध्ये तमिळ थलैवाजने पवन सेहरावतवर २ कोटी २६ लाख, म्हणजे मर्यादेच्या निम्म्याहून अधिक रक्कम लावली. तो पहिल्याच सामन्यात जायबंदी झाला आणि हंगामाला मुकला.

मोठे नाव सोडूनही संघ उभा राहतो, हेही दिसले आहे. पाटणा पायरेट्सने प्रदीप नरवालला २०२१मध्ये सोडले. यूपी योद्धाने त्याच्यावर १ कोटी ६५ लाखांची बोली लावली. त्या हंगामात पाटणा साखळीत अव्वल राहिले आणि अंतिम सामन्यात दबंग दिल्लीकडून केवळ एका गुणाने, ३६-३७ असे हरले. याउलट पुणेरी पलटणने अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यातील अस्लम इनामदारला तरुणपणी संघात घेऊन आठव्या हंगामात पदार्पणाची संधी दिली, पुढे राखले आणि कर्णधार केले. १ मार्च २०२४ रोजी त्याच्या नेतृत्वाखाली पलटणने हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे हरवून पहिले विजेतेपद मिळवले. हरियाणाच्या त्या हंगामातील संघात सिद्धार्थ देसाईही होता. दोघेही ग्रामीण महाराष्ट्रातून आलेले. एकाला घडवणाऱ्या संघाने राखले, तर दुसऱ्याचा संघ लिलावाने वारंवार बदलला.

सही करण्यापूर्वी

ज्या घरातील मुलगा किंवा मुलगी व्यावसायिक करारापर्यंत पोहोचते, त्या घराने यातून काय घ्यावे? पहिली गोष्ट, रकमेइतकेच मुदतीकडे लक्ष द्यावे. एका वर्षाचे मोठे आकडे आणि तीन वर्षांची मध्यम हमी यांची तुलना वार्षिक रकमेवरून करू नये. दुसरी, हमी कशाची आहे ते तपासावे. दुखापत झाल्यास उर्वरित पैसे मिळणार का, उपचाराचा खर्च कोणाचा, विमा कोण उतरवणार, हे कागदावर हवे. तोंडी आश्वासनाला अर्थ नाही. तिसरी, करार पुढे वाढवण्याचा अधिकार कोणाकडे आहे ते पाहावे. एनबीएतील नवोदिताच्या तिसऱ्या आणि चौथ्या वर्षासारखा तो केवळ संघाकडे असेल, तर खेळाडू बांधला जातो, संघ मोकळा राहतो. चौथी, नोकरी आणि शिक्षण यांचा धागा तोडू नये. लीगचा करार चार-सहा हंगामांचा विचार करतो. आयुष्य त्यापुढेही असते.

संघचालकांसाठीही यात बोध आहे. बरोबरीच्या हक्कावर विसंबून थांबणे दरवेळी स्वस्त पडत नाही, हे सॅक्रामेंटोने अनुभवले. घाईने दिलेला मोठा करार वर्षानुवर्षे भोवतो, हे पोर्टलंडने अनुभवले. आपल्या खेळाडूचे वय, शरीर आणि भूमिका यांबद्दल बाजारापेक्षा अधिक माहिती असेल, तर लवकर निर्णय घ्यावा. नसेल तर थांबावे, पण थांबण्याचे कारण खेळाडूला स्पष्ट सांगावे. लिओनार्डच्या प्रकरणात सॅन अँटोनियोला थांबता आले, ते दोन्ही पक्षांचा हिशेब एकमेकांना ठाऊक होता म्हणून.

भारतातील लीग तुलनेने तरुण आहेत आणि त्यांचे नियम हंगामागणिक बदलत असतात. दीर्घ मुदतीची हमी, दुखापतीचे संरक्षण आणि एका खेळाडूवरील खर्चाला वाजवी मर्यादा या तीन गोष्टी कबड्डीच्या करारांत ठामपणे आल्या, तर लिलावातील आकडे कदाचित थोडे उतरतील. त्या बदल्यात चंदगड, बावडा किंवा शिरोळ येथून निघालेल्या खेळाडूला एका दुखापतीने सर्व काही गमावण्याची भीती बाळगत चढाई करावी लागणार नाही.